अक्षर कोणाच्या हातचे?

१

लिपी म्हणजे बोललेले टिपून ठेवण्याची युक्ती, असे आपल्याला शाळेत शिकविले जाते. हे खरे आहे, पण अर्धेच. लिपी ही मालमत्ताही असते. ज्याच्या हाती ती असते त्याच्याकडे जमिनीचा उतारा असतो, कर्जाचा हिशेब असतो, देवाची पोथी असते आणि दुसऱ्याच्या जातीची नोंदही असते. म्हणून लिपीचा इतिहास सांगताना अक्षराचे वळण कसकसे बदलत गेले एवढे सांगून भागत नाही. ते वळण कोणाच्या हाताने दिले आणि कोणाच्या हाताला ते देऊ दिले नाही, हेही विचारावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचे गाव आहे. संत चोखामेळ्याचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. चोखोबा यादवांच्या अखेरच्या काळातले. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. त्यांचे अभंग मात्र उरले. ते कसे उरले? वारकरी परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून ठेवले. अनंतभट्टाचा हा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. त्या काळी महाराची वाणी कागदावर उतरविणे ही साधी गोष्ट नव्हती. पण प्रश्न त्याच्या मोठेपणाचा नाही. वेदना महाराची, शब्द महाराचे आणि अक्षर मात्र दुसऱ्याच्या हातचे, ही स्थिती आहे. लिहिताना काय गळले, काय मवाळ झाले, हे पडताळून पाहण्यासाठी चोखोबांच्या हातचा एक कपटाही आपल्यापाशी नाही. सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा यांच्याबाबतही दुसऱ्यांनी जितके टिकविले तितकेच आपल्याला ठाऊक.

या एका प्रश्नाचे बोट धरून महाराष्ट्रातील लेखनाचा प्रवास पाहायचा आहे. वाटेत जपानलाही जायचे आहे. याच भूमीतून धम्माबरोबर अक्षरही तिकडे गेले आणि तिथेही 'हात कोणाचा?' हा प्रश्न सुटलेला नव्हता, म्हणून हा फेरा.

२

महाराष्ट्रातील सर्वांत जुने वाचता येण्याजोगे लेखन ब्राह्मी लिपीत आहे. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला. ब्राह्मीचे अक्षर अगदी साधे आहे. उभी रेघ, आडवी रेघ, कोन आणि वर्तुळ एवढ्यावर तिचे काम चालते. तिचा 'क' म्हणजे बेरजेचे चिन्ह, 'ग' म्हणजे घराच्या छपरासारखा कोन, 'ठ' म्हणजे निव्वळ वर्तुळ. आजच्या आपल्या 'ठ'मध्ये ते वर्तुळ अजून शाबूत आहे. डोक्यावर रेघ नाही, कसलाही साज नाही. कोळशाच्या तुकड्याने पोराला भिंतीवर काढता येईल असे हे अक्षर आहे.

मधल्या काळात ही लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने तिचे कुलूप उघडले. किल्ली कुठे सापडली, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे. सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर अनेक छोटे लेख आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. तो शब्द 'दानं' असला पाहिजे असा तर्क प्रिन्सेपने केला आणि बाकीची अक्षरे उलगडत गेली. म्हणजे भारतातील ही प्राचीन लिपी उलगडली ती कोणा राजाच्या प्रशस्तीमुळे नव्हे, तर स्तूपासाठी आपल्या ऐपतीप्रमाणे दान देणाऱ्या साध्या स्त्रीपुरुषांच्या नावांमुळे.

हीच माणसे आपल्याला सह्याद्रीतल्या लेण्यांत भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट गावच्या एका सुताराचे आणि एका गंध्याचे नाव कोरलेले आहे. कान्हेरीस कल्याणचा एक लोहार दाता म्हणून येतो, कुडे येथे माळी येतो. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे होती. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. राजाच्या जावयाने आपला पैसा विणकरांच्या हाती विश्वासाने सोपवावा आणि ते दगडावर लिहून ठेवावे, यावरून त्या समाजात कष्टकऱ्यांच्या संघटनेची पत काय होती ते कळते. विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन झाले. तिथल्या स्तूपाच्या दगडांवरही दात्यांची नावे आहेत.

बुलढाणा जिल्हाही या जगाबाहेर नव्हता. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. विटांचा स्तूप, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि शेतीला पाणी नेणारा विटांचा कालवा त्यांना मिळाला. ही वसाहत मौर्यकाळापर्यंत मागे जाते. आज हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

यावरून त्या काळी प्रत्येक सुताराला व लोहाराला लिहिता येत होते, असा निष्कर्ष काढू नये. कोरणारा पाथरवट वेगळा असेल, मजकूर सांगणारा भिक्खूही वेगळा असेल. एवढे मात्र निर्विवाद आहे की लोकांच्या तोंडची प्राकृत भाषा दगडावर येत होती आणि श्रम करणारा माणूस आपल्या नावानिशी, आपल्या धंद्यानिशी त्या दगडावर येत होता. धंदा ही तेव्हा लपविण्याची गोष्ट नव्हती.

३

हे चित्र बदलत कसे गेले, ते पाहण्यासाठी बुलढाण्याच्या शेजारी वाशीमला जावे लागते. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेथे सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट चौथ्या शतकातला असून तो त्याच्या राजवटीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला आहे. या ताम्रपटात एक गंमत आहे, आणि तीत पुढच्या हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि देणगीचा व्यावहारिक तपशील प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा, एक मानासाठी आणि एक कामासाठी. दान दिले आहे ते अथर्ववेदी ब्राह्मणांना, आणि दानात दिले आहे ते एक गाव.

म्हणजे लेखनाची दिशाच उलटली. लेण्यांत खालून वर दान जात होते, माणसे आपल्या मिळकतीतून संघाला देत होती. ताम्रपटात वरून दान येते, राजा माणसांसकट गाव देऊन टाकतो. हळूहळू प्राकृत मागे पडली आणि राजशासन संपूर्ण संस्कृतात होऊ लागले. अक्षरही बदलले. वाकाटकांच्या ताम्रपटांतील प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी चौकोनी पेटी असते. विद्वान तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. ती देखणी आहे यात शंका नाही. पण ब्राह्मीचे कोळशाने काढता येणारे अक्षर आता कसबी माणसालाच काढता येईल असे झाले. पुढे याच कुळातून डोक्यावर रेघ असलेली नागरी आली. अक्षी येथील शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, शिलालेख मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी मानला जातो.

४

याच सुमारास इथून निघालेले अक्षर दूरवर पोहोचले होते. बौद्ध भिक्खूंनी ग्रंथांबरोबर ब्राह्मीच्याच वंशातील 'सिद्धम्' नावाची लिपी मध्य आशियातून चीनला नेली. जपानचा कूकाइ हा भिक्खू ८०४ साली चीनला गेला, चांगआन येथे आचार्य हुइगुओ यांच्याकडे शिकला आणि ८०६ मध्ये परतला. परत येताना त्याने सिद्धम् अक्षरेही आणली. जपानमधील शिंगोन पंथाचे लोक आजही बीजाक्षरे याच लिपीत, कुंचल्याने लिहितात. भारतात ती वापरातून कधीच गेली. जपानी सुलेखनाच्या परंपरेत ज्या तिघांना 'तीन कुंचले' म्हणून गौरविले जाते, त्यांत कूकाइ एक आहे.

जपानजवळ मुळात स्वतःची लिपी नव्हती. चिनी अक्षरे कोरियामार्गे तेथे पोहोचली. त्यांना जपानी लोक 'कांजी' म्हणतात. कांजी हे ध्वनीचे चिन्ह नव्हे, ते शब्दाचे चिन्ह आहे. डोंगरासाठी तीन शिखरांसारख्या उभ्या रेघा, झाडासाठी फांद्या व मुळे सुचविणारी आकृती, असा त्यांपैकी कित्येकांचा उगम चित्रात आहे. पण चिनी आणि जपानी या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. जपानीत शब्दाला प्रत्यय लागतात, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. या बाबतीत ती मराठीला अधिक जवळची वाटेल. असली भाषा चिनी चिन्हांत मावेना. तेव्हा काही कांजींचा अर्थ सोडून फक्त उच्चार घेण्याची युक्ती निघाली. आठव्या शतकातील 'मान्योशू' हा काव्यसंग्रह अशा रीतीने लिहिलेला आहे.

मग ही चिन्हे हातात झिजत गेली. पुष्कळ रेघांचे कांजी भरभर लिहिताना दोन-चार वळणांचे झाले, ती हिरागाना. पोथ्या वाचताना ओळीच्या बाजूला खुणा करण्यासाठी भिक्खूंनी कांजीचा एखादाच अवयव उचलला, ती काताकाना. कानाची अक्षरे ज्या क्रमाने लावली गेली तो क्रम मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या मुळाक्षरांचा हा कंठापासून ओठाकडे येणारा क्रम आहे. 'सा' हा चवर्गाच्या जागी आणि 'हा' पवर्गाच्या जागी आहे, कारण तेथील उच्चार कालांतराने बदलले. सिद्धम्‌च्या अभ्यासातून हा क्रम जपानी भिक्खूंनी घेतला आणि जपानी पोरे तो आजही घोकतात.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दरबारातील पुरुषांचे प्रतिष्ठेचे लेखन चिनी भाषेत चाले. स्त्रियांनी ते शिकू नये असा रिवाज होता. त्यांच्या वाट्याला आली हिरागाना, आणि तिला नावही पडले 'ओन्नादे', म्हणजे बाईचा हात. या उष्ट्या मानलेल्या अक्षरात मुरासाकी शिकिबू या स्त्रीने अकराव्या शतकाच्या आरंभी 'गेंजी मोनोगातारी' लिहिली. जगातील पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. पुरुषांचे ते चिनी लेखन आज अभ्यासकांपुरते उरले आहे. बाईचा हात मात्र संपूर्ण देशाचा हात झाला. की नो त्सुरायुकी या नावाजलेल्या कवीने तर दहाव्या शतकातच आपली प्रवासाची रोजनिशी बाईच्या भूमिकेतून कानात लिहिली होती. तुच्छ मानलेले अक्षर जेव्हा आपल्या अनुभवाशी इमान राखते, तेव्हा प्रतिष्ठितांनाही त्याच्या दाराशी यावे लागते. महाराष्ट्रात १९६० नंतर दलितांची बोली साहित्यात आली तेव्हा याहून वेगळे काय घडले?

तथापि जपानचे गुणगान करून येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जपानी सुलेखनाची शाई काजळी आणि 'निकावा' यांची असते. निकावा म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, सरस काढणे ही कामे जपानात ज्यांच्यावर लादली त्यांना 'एता' म्हणजे अत्यंत मलिन म्हटले गेले. आज त्यांना बुराकुमिन म्हणतात. त्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या, त्यांच्याशी रोटीबेटी नव्हती. पवित्र सूत्र ज्या शाईने लिहायचे त्या शाईत या माणसांच्या श्रमाचा अंश होता. ती माणसे मात्र अपवित्र! धम्म तेथे पोहोचला म्हणून जात आपोआप विरघळली नाही. उलट काही बौद्ध विहारांनी या समाजातील मृतांना दिलेल्या मरणोत्तर नावांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली. सुंदर अक्षरही माणसाला डागण्याच्या कामी येते, याचा याहून कठोर पुरावा कोणता?

१८७१ च्या फर्मानाने ही अस्पृश्यता कायद्याने संपली, पण व्यवहारात उरली. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही या समाजाची संघटना उभी राहिली. १९६० नंतर बुराकु वस्त्यांमधून साक्षरतेची चळवळ निघाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या बाया रात्री एकत्र जमून काना शिकू लागल्या. अक्षर आल्यावर मावळतीचे आभाळदेखील प्रथमच सुंदर वाटले, अशा अर्थाचे एका वृद्ध स्त्रीने लिहिलेले पत्र तिकडे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे रात्रीच्या शाळेत पाटी घेऊन बसलेल्या आयाबायांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

५

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. चोखोबांच्या काळातच मराठीला दुसरी एक लिपी मिळत होती, मोडी. ती यादवांचा प्रधान हेमाडपंत याने रूढ केली असे परंपरा मानते. नागरीचेच भरधाव लिहिलेले रूप म्हणजे मोडी असेही मत आहे. तिचे तंत्र पाहिले म्हणजे ती कशासाठी घडली हे कळते. आधी कागदावर डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढून घ्यायची, मग त्या रेघेला अक्षरे टांगीत जायचे. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. 'इ'कार एकच, 'उ'कार एकच. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. पोथीसाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी अशी वाटणी झाली. हिशेब, वसुली, करार, निवाडा या सगळ्यांची ती लिपी.

तिची साधनेही पाहण्यासारखी आहेत. लेखणी बोरूची, टोक तिरके कापलेले, म्हणून एकच रेघ कुठे जाड तर कुठे बारीक उतरते. शाई दिव्याच्या काजळीची, डिंकात घोटलेली. कागद हातकामाचा, जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. चिंध्या आणि जुन्या गोणपाटाचा लगदा कुटून मुसलमान कागदी तो करीत आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्याला चकाकी आणीत. ओली शाई टिपण्यासाठी वर वाळू टाकीत. शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीस यांचे अक्षर नावाजलेले होते. पुढे पेशवाईत चिटणिसी, रानडी अशा निरनिराळ्या वळणांची नावे रूढ झाली. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेले हे कागद आहेत. वळणदार मोडीचे एखादे पत्र हाती घेतले तर डोळा निवतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पण हा हात कोणाचा होता? गावात कुळकर्णी, वऱ्हाडात पटवारी, वर देशपांडे, फडणीस, चिटणीस. काही थोड्या जातींच्या घरांत ही विद्या बापाकडून मुलाकडे वतनासारखी जात होती. बाकीच्या गावाची सही म्हणजे चित्र. पाटील कागदावर नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. एक प्रकारे ही गावाची चित्रलिपीच होती. कांजीचा उगम जसा चित्रात, तसाच. पण कांजीची अक्षरे झाली आणि आपला नांगर कागदाच्या कडेला नांगरच राहिला. वरचा मजकूर काय आहे हे न कळता त्याच्याखाली नांगर उमटत असे.

महाराचा या कागदाशी संबंध फार जवळचा होता आणि फार दूरचाही. गावची शीव कोठून जाते हे सांगण्याचा मान त्याचा. शिवेच्या तंट्यात त्याच्या शब्दावर निवाडा होई आणि तो शब्द लिहून घेई दुसराच. सरकारी टपाल, वसुलीचा ऐवज, दप्तराचा रुमाल डोक्यावर घेऊन तालुक्याला पोहोचविण्याचे काम त्याचे. सारे गाव त्या रुमालात बांधलेले असे, आणि तो वाहणाऱ्याला त्यातले एक अक्षर वाचता येत नसे. नोंदीत त्याचे नाव येई ते 'धोंड्या', 'म्हाद्या' असे. जपानी थडग्यावरचे 'पशू'चे अक्षर आणि वहीतला हा 'या' एकाच मनोवृत्तीतून आले आहेत.

६

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि मोडीच्या सत्तेला पहिला तडा गेला. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आरंभी मोडीचेही खिळे पाडले होते; कॅरेचा १८१० चा मराठी कोश मोडीत छापला आहे. पण सुट्या खिळ्यांना सुटी अक्षरे मानवतात, हात न उचलता लिहिण्याची लिपी नव्हे. छापील मराठी बाळबोधच झाली. बाळबोध म्हणजे बाळालाही बोध होईल अशी. ज्यांच्या घरात लेखणी नव्हती त्यांना हे अक्षर प्रथमच बाजारात, पुस्तकात, वर्तमानपत्रात उघड्यावर भेटले.

उघड्यावर भेटलेल्या या अक्षरापर्यंत आपली माणसे पोहोचली ती काही आयती नव्हे. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. चोखोबांनंतर पाचशे वर्षांनी वेदना, शब्द आणि अक्षर ही तिन्ही एकाच हातची झाली. कंपनीच्या पलटणींतील शाळांनी महार शिपायांच्या घरांत पाटीपुस्तक नेले; बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढला. विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक' सुरू केले. आणि ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. नावातच सारे आले: जो मुका होता त्याचा नायक. तो मुका होता म्हणजे त्याला वाचा नव्हती असे नव्हे. चोखोबांना वाचा होतीच. त्याच्या वाचेला त्याचे स्वतःचे अक्षर नव्हते.

मग मोडी आता मेली, तिचे काय करायचे, असे कोणी म्हणेल. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली हे खरे. पण ती मेलेली नाही, ती फक्त आपल्याला वाचता येत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जातवैधता प्रमाणपत्र हवे असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पुढे ठेवावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेची दाखलनोंद, महसुली कागद, विदर्भात कोतवालाकडील जन्ममृत्यूची नोंद. यांपैकी कित्येक कागद मोडीत आहेत. विदर्भात हे कोतवालपण बहुधा महाराकडेच असे. म्हणजे पणजोबाने ज्या जन्माची वर्दी पायी चालत जाऊन दिली, त्याची नोंद वाचून घेण्यासाठी पणतवाला पैसे मोजून वाचणारा शोधावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांचे रुमाल पुन्हा सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्याला वाचता येते त्याच्या हाती अजूनही दुसऱ्याची जात असते, हे आरंभी म्हटले ते जुन्या काळापुरते नव्हते.

म्हणून मोडी शिकणे हे ब्राह्मणी काळाचे कौतुक नव्हे. ते आपल्या घराची कागदपत्रे आपल्या ताब्यात घेणे आहे. शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे, तेव्हा ती संगणकावरही लिहिता येते. शिकायला ती फार अवघड नाही. नागरी येणाऱ्याला काही आठवड्यांत अक्षरे ओळखू येतात, घसरत्या हाताचे लेखन वाचायला मात्र सराव लागतो. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात आपली पाचच मुले-मुली मोडी शिकली, तर वस्तीतल्या कुणाला आजोबाच्या नोंदीसाठी परक्या दारात ताटकळावे लागणार नाही. त्यांतल्या एकाने ब्राह्मीही शिकावी. कार्ल्याच्या दारावरचा सुतार दोन हजार वर्षे तेथे उभा आहे. त्याचे नाव त्याच्याच दगडावरून वाचावे, दुसऱ्याच्या पुस्तकातून नव्हे.

आणि शिकल्यावर पहिले काम कोणते करायचे, तेही ठरवून टाकावे. आपल्या गावच्या जुन्या वहीतून आपल्या वस्तीची नावे उतरवून काढावीत. जेथे 'धोंड्या' लिहिले आहे तेथे आपल्या वहीत धोंडीबा लिहावे, आणि खाली उतरवून घेणाऱ्याने स्वतःची सही करावी.